करमणुकीच्या पानावरील कायदा

अमेरिकेतील दैनिकांची गेल्या शतकाच्या मध्यकाळातील चित्रपटविषयक पाने आज मोठ्या कौतुकाने पुन्हा छापली जातात. त्या पानांवरील परीक्षणे, हॉलिवूडच्या नटनट्यांविषयीच्या गप्पांची सदरे आणि गावोगावच्या चित्रपटगृहांच्या जाहिराती यांचे संग्रह निघतात व त्यांना सुवर्णयुगाची स्मृती म्हणून गौरविले जाते. पहिल्या पानावर युद्ध, संप व निवडणुका असतील; हे पान मात्र निष्पाप करमणुकीचे होते, येथे राजकारणाचा व द्वेषाचा स्पर्श नव्हता, असे या संग्राहकांचे म्हणणे आहे.

हे म्हणणे आम्हांस मान्य नाही. ते पान कायद्याचे पान होते, असे आमचे प्रतिपादन आहे. विधिमंडळाने संमत केलेला कायदा आणि विधिमंडळाला न विचारता समाजाने चालविलेला कायदा, असे दोन्ही कायदे त्या पानावर नित्य प्रसिद्ध होत असत. कोणी कोठे बसावे, कोणी कोणाशी विवाह करावा आणि पडद्यावर कोणी कोणाची सेवा करावी, या तीन प्रश्नांची उत्तरे त्या पानावरील तीन प्रकारच्या मजकुरांत दडलेली होती. आरोप करून थांबणे हा वकिलाचा धर्म नव्हे. म्हणून पुरावा मांडतो.

प्रथम जाहिराती घेऊ. चित्रपटाचे नाव, खेळांच्या वेळा आणि तिकिटाचा दर, इतकाच तो मजकूर. वाचणाऱ्यास वाटावे की हे सर्वांस दिलेले आमंत्रण आहे. परंतु दक्षिणेकडील राज्यांत कृष्णवर्णीय प्रेक्षकास त्याच चित्रपटगृहात बाजूच्या निराळ्या दाराने, निराळ्या जिन्याने वरच्या सज्जात जावे लागे. कित्येक ठिकाणी तेवढाही प्रवेश नसे, आणि काही ठिकाणी गोरे प्रेक्षक घरी गेल्यावर मध्यरात्रीचा एखादा खेळ त्याच्या वाट्यास येई. काही जाहिरातींत निराळ्या सज्जाचा उल्लेख छापला जाई. पुष्कळ जाहिरातींत तो छापण्याची गरजही भासत नसे. जो निर्बंध प्रत्येकास तोंडपाठ असतो, तो छापावा लागत नाही. त्या जाहिरातीतील मौन हाच सर्वांत कठोर शब्द होता.

या प्रश्नाचा कायदेशीर इतिहास वाचकांनी लक्षात घ्यावा. यादवी युद्धानंतर अमेरिकेच्या काँग्रेसने १८७५ साली नागरी हक्कांचा कायदा करून पांथनिवास, वाहने व नाट्यगृहे यांत वर्णभेदास मनाई केली. १८८३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा घटनाबाह्य ठरविला. ज्या खटल्यांत हा निकाल झाला, त्यांपैकी दोन खटले नाट्यगृहातील जागेचेच होते. एक सॅन फ्रान्सिस्कोचा आणि दुसरा न्यूयॉर्कचा. न्यायमूर्ती जॉन मार्शल हार्लन यांनी एकट्यांनी भिन्न मत नोंदविले. त्यानंतर उत्तरेकडील काही राज्यांनी आपापले कायदे केले, परंतु देशव्यापी संरक्षण मिळण्यास १९६४ साल उजाडावे लागले. या ८१ वर्षांत चित्रपट जन्मला, बोलका झाला, रंगीत झाला; दक्षिणेतील वरचा सज्जा मात्र होता तेथेच राहिला. ही ८१ वर्षे म्हणजेच या संग्राहकांचे सुवर्णयुग!

जाहिरातीत काय होते त्याइतकेच काय नव्हते हेही पाहिले पाहिजे. टेनेसी राज्यातील मेम्फिस शहरात लॉइड बिनफोर्ड हा गृहस्थ १९२८ पासून १९५५ पर्यंत चित्रपट-नियंत्रण मंडळाचा अध्यक्ष होता. १९४७ साली त्याने ‘कर्ली’ नावाच्या एका विनोदी चित्रपटावर बंदी घातली. चित्रपटाचा अपराध एवढाच की, त्यात गोरी व काळी मुले एका शाळेत बसलेली दिसत होती. लेना हॉर्न या गायिकेची दृश्येही तेथे कापली जात. टेक्सासमधील मार्शल या गावी ‘पिंकी’ हा चित्रपट परवानगीविना दाखविला म्हणून चित्रपटगृहाच्या चालकास दोषी ठरविण्यात आले. ती शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने १९५२ साली रद्द केली. त्याच वर्षी, काही दिवस आधीच, ‘द मिरॅकल’ या इटालियन चित्रपटाच्या खटल्यात चित्रपटास अभिव्यक्तिस्वातंत्र्याचे संरक्षण प्रथमच मिळाले होते. मेम्फिसच्या वाचकास सकाळच्या जाहिरातींत जे चित्रपट दिसले नाहीत, ते कोणी व का दिसू दिले नाहीत, हे कळल्याशिवाय ती जाहिरात वाचली असे म्हणता येत नाही.

आता हॉलिवूडच्या गप्पांकडे वळू. लुएला पार्सन्स ही हर्स्टच्या वृत्तपत्रांत आणि हेडा हॉपर ही १९३८ पासून ‘लॉस एंजेलिस टाइम्स’मध्ये सदर लिहीत असे. लक्षावधी वाचक त्यांची वाट पाहत आणि बडे स्टुडिओमालक त्यांना भीत. कोण कोणाबरोबर भोजनास गेले, कोणाचा विवाह मोडकळीस आला, हा त्यांचा विषय. यात अन्याय तो कोणता, असे कोणी विचारील. उत्तर असे की, कोणाचे प्रेम गोड बातमी ठरावे आणि कोणाचे प्रेम बदनामी ठरावे, याचा निवाडा गप्पांच्या सदरांतून रोज होत असे. आणि त्या निवाड्यावर अपील नव्हते.

चित्रपटधंद्याने १९३० साली स्वीकारलेल्या व १९३४ पासून कडकपणे अमलात आणलेल्या आचारसंहितेत गोऱ्या व काळ्या वंशांतील स्त्रीपुरुषसंबंध दाखविण्यास स्पष्ट मनाई होती. ते कलम १९५६ साली गळाले. पडद्याबाहेर, खुद्द कॅलिफोर्नियात, आंतरवर्णीय विवाहावरील बंदी तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘पेरेझ विरुद्ध शार्प’ या खटल्यात १९४८ सालीच रद्द केली होती. म्हणजे १९५७ साली हॉलिवूडमध्ये अशा प्रेमाच्या आड ना राज्याचा कायदा उभा होता, ना धंद्याची आचारसंहिता. तरीही काय घडले? सॅमी डेव्हिस ज्युनिअर हा कृष्णवर्णीय कलावंत आणि किम नोव्हाक ही गौरवर्णीय अभिनेत्री यांची नावे गप्पांच्या सदरांत जोडली गेली. लगोलग, १९५८ च्या जानेवारीत, डेव्हिसने लोरे व्हाइट या कृष्णवर्णीय गायिकेशी लास व्हेगासमध्ये विवाह केला. तो विवाह अल्पकाळच टिकला आणि तो धमक्यांच्या दडपणाखाली झाल्याचे त्याच्या चरित्रकारांनी नोंदविले आहे. न्यायालयाने पुरलेला कायदा सदराच्या चार ओळींनी उकरून काढला. राजपत्रात नसलेली बंदी वर्तमानपत्राच्या गप्पांत जिवंत राहिली. अशा सदरास आम्ही निष्पाप म्हणावे काय?

तिसरा मजकूर परीक्षणांचा. ‘गॉन विथ द विंड’ या चित्रपटाचा पहिला खेळ १५ डिसेंबर १९३९ रोजी अटलांटा येथे झाला. त्यात मॅमी या दासीची भूमिका करणाऱ्या हॅटी मॅक्डॅनियल त्या सोहळ्यास उपस्थित राहू शकल्या नाहीत, कारण ज्या चित्रपटगृहात त्यांचे चित्र दिसणार होते तेथे वर्णभेदाचा नियम होता. परीक्षकांनी त्यांच्या अभिनयाची स्तुती केली. २९ फेब्रुवारी १९४० रोजी त्यांना ऑस्कर मिळाले. हा मान मिळविणाऱ्या त्या पहिल्या कृष्णवर्णीय कलावंत होत. ज्या हॉटेलात समारंभ झाला तेथे कृष्णवर्णीयांस प्रवेश नसे. निर्मात्याने शब्द टाकला म्हणून त्यांना आत घेण्यात आले आणि आपल्या सहकलावंतांपासून दूर, भिंतीलगतच्या एका टेबलाशी बसविण्यात आले. त्याच रात्री ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने वचन मोडून विजेत्यांची नावे समारंभापूर्वीच छापली. पुढील वर्षापासून बंद पाकिटांची प्रथा पडली ती यामुळे. काही घटका आधी बातमी मिळावी म्हणून वचनभंग करणाऱ्या या पत्रकारितेला, विजेती भिंतीलगत का, हा प्रश्न बातमीच्या मोलाचा वाटला नाही. १९५२ साली मॅक्डॅनियल वारल्या, तेव्हा हॉलिवूडच्या दफनभूमीनेही त्यांचा वर्ण पाहून त्यांना जागा नाकारली.

आम्ही सर्व परीक्षकांस एका माळेत ओवू इच्छीत नाही. ‘न्यूयॉर्क टाइम्स’चे बॉस्ली क्राउदर यांनी १९४६ साली डिस्नेच्या ‘साँग ऑफ द साउथ’वर कठोर टीका केली होती. परंतु पडद्यावरील दासाची निंदा करणे एक आणि चित्रपटगृहाच्या जिन्याची निंदा करणे दुसरे. पहिले काम काहींनी केले. दुसरे काम करमणुकीच्या पानाने आपले मानलेच नाही.

येथे प्रतिपक्ष म्हणेल की, तो काळच तसा होता, त्या काळास आजच्या मापाने मोजू नका. हा बचाव टिकणारा नाही, कारण त्याच काळाने त्याच विषयावर निराळे लिहिणारी माणसेही जन्मास घातली. आम्ही एकच साक्षीदार उभा करतो. लॉरेन मिलर हे कॅन्ससमधील वॉशबर्न विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेले वकील आणि पत्रकार. ‘द क्रायसिस’ या मासिकात त्यांनी १९३४ साली हॉलिवूडवर एक लेख लिहिला. हे मासिक डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांनी १९१० साली सुरू केले होते, आणि त्याच ड्यू बॉइस यांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९४६ साली पत्र लिहिले होते. मिलर यांनी पाहिले ते असे: कृष्णवर्णीयांच्या चित्रपटगृहात पडद्यावर आफ्रिकी ‘रानटी’ लोकांच्या तावडीतून गोरी नायिका सुटते आणि प्रेक्षागृहातील साधी कष्टकरी काळी माणसे आनंदाने टाळ्या वाजवितात. स्वतःच्याच पराभवावर टाळी वाजवावयास शिकविणारी ही शाळा आहे, हे त्यांनी ओळखले. बुद्धीची गुलामगिरी बेडीवाचून कशी चालते, हे आमच्या वाचकांस निराळे सांगावयास नको.

मिलर लेख लिहून स्वस्थ बसले नाहीत. लॉस एंजेलिसमधील ‘शुगर हिल’ या वस्तीतून कृष्णवर्णीयांस घालविण्यासाठी गोऱ्या शेजाऱ्यांनी खटला भरला, तेव्हा हॅटी मॅक्डॅनियल आणि इतर रहिवाशांची बाजू त्यांनीच मांडली व १९४५ साली तो खटला जिंकला. ज्या भूमिकांवर त्यांची टीका होती, त्या भूमिका करणाऱ्या स्त्रीच्या घराचे रक्षण त्यांनी केले, कारण त्यांचा विरोध भाकरीसाठी दासीचे सोंग घेणाऱ्या बाईशी नव्हता. तिला दुसरे सोंग न देणाऱ्या व्यवस्थेशी होता. १९४८ साली वर्णभेदी निवासकरारांविरुद्धचा लढा ते थर्गुड मार्शल यांच्यासह सर्वोच्च न्यायालयात लढले आणि न्यायालयाने असे करार अमलात आणण्याचे नाकारले. १९५१ साली त्यांनी ‘कॅलिफोर्निया ईगल’ हे वृत्तपत्र विकत घेतले. तेव्हा हे काम त्या काळी अशक्य नव्हते. बड्या दैनिकांस ते करावयाचे नव्हते, इतकेच.

‘ईगल’, ‘पिट्सबर्ग कुरिअर’, ‘शिकागो डिफेंडर’ या कृष्णवर्णीयांच्या वृत्तपत्रांतही चित्रपटाची पाने असत. त्यांतही नटनट्यांच्या गप्पा आणि जाहिराती असत. करमणूक हे पाप आहे असे आमचे म्हणणेच नाही. परंतु याच वृत्तपत्रांच्या व नागरी हक्क संघटनांच्या दडपणामुळे ‘गॉन विथ द विंड’च्या संहितेतून कृष्णवर्णीयांची हेटाळणी करणारा अपशब्द निर्मात्यास वगळावा लागला. करमणुकीच्या पानावर स्वाभिमानास जागा होऊ शकते, याचा हा लेखी दाखला आहे.

शेवटी कायद्याचा निर्वाळा पाहू. २ जुलै १९६४ रोजी अमलात आलेल्या नागरी हक्क कायद्याच्या दुसऱ्या प्रकरणात ज्या स्थळांची नावे घेऊन भेदभावास बंदी केली आहे, त्यांत चित्रपटगृह नाव घेऊन नमूद आहे. भारतीय संविधानाच्या अनुच्छेद १५ च्या दुसऱ्या खंडात दुकाने, उपाहारगृहे, विहिरी व तलाव यांच्या जोडीस सार्वजनिक करमणुकीची स्थळे १९५० सालीच नमूद झाली होती. पाण्याच्या हक्काशेजारी करमणुकीचा हक्क बसविणाऱ्या घटनाकारांनी ओळखले होते की, माणसाला हसण्याच्या जागेतही खाली वा वर, आत वा बाहेर बसविता येते. करमणूक राजकारणाबाहेर असती, तर दोन देशांच्या कायद्यांस तिचे नाव घेण्याचे कारण पडले नसते.

सबब आमची मागणी स्पष्ट आहे. जुन्या वृत्तपत्रांतील ही पाने अवश्य छापा. परंतु ती कातरून छापू नका. जाहिरातीखाली त्या गावाचे नाव, ते साल आणि त्या साली तेथे कोणास कोणत्या दाराने प्रवेश होता, हे लिहा. प्रेमाच्या गप्पांखाली त्या राज्याचा विवाहविषयक कायदा लिहा. १९६७ साली सर्वोच्च न्यायालयाचा अंतिम निकाल होईपर्यंत १६ राज्यांत आंतरवर्णीय विवाह गुन्हा होता, हे वाचकांस कळू द्या. स्तुतीच्या परीक्षणाशेजारी त्या भिंतीलगतच्या टेबलाची नोंद करा. इतके केल्यावरही ज्यांस त्या युगाला सोन्याचे म्हणावयाचे असेल, त्यांनी खुशाल म्हणावे. मात्र त्या सोन्याचे वजन कोणाच्या पाठीवर होते, हे सांगितल्यावाचून त्यांची सुटका नाही.