डम्पिंगचा पत्ता जात ठरवते आणि घंटागाडीसुद्धा

घनकचरा हा विषय निघाला की आपले कार्यकर्ते कंटाळतात. ॲट्रॉसिटीवर, आरक्षणावर रात्रभर बोलतील. पण वस्तीत कचऱ्याची गाडी का येत नाही, हा त्यांना नगरसेवकाचा किरकोळ विषय वाटतो. मित्रांनो, तो किरकोळ नाही.

मुंबईतले देवनारचे डम्पिंग ग्राउंड 1927 पासून सुरू आहे. त्याच वर्षी महाडला बाबासाहेबांनी आपल्या लोकांना मेलेली गुरे ओढणे आणि मृतमांस खाणे सोडायला सांगितले. गावाची घाण महारवाड्याने निस्तरायची, ही रीत तिथे मोडायला लागली आणि इकडे शहराने तीच रीत नकाशावर आखली. कुणी म्हणेल, लोकच डम्पिंगजवळ राहायला आले. खोटे आहे. 1970 च्या दशकात शहरातून उठवलेल्या झोपडपट्ट्या सरकारी यंत्रणेनेच शिवाजीनगर-बैंगनवाडीत आणून टाकल्या. 2009 च्या मुंबई मानव विकास अहवालात याच एम पूर्व विभागाचा निर्देशांक 24 विभागांत सर्वांत खाली होता, 0.05. (आता देवनारच्याच 124 एकरांवर धारावीतल्या ‘अपात्र’ लोकांना घरे द्यायचे ठरले आहे. म्हणजे धडा काहीच घेतला नाही.)

कचरा उचलण्याचा मोठा खर्च वाहतुकीचा असतो. डम्पिंग लांब असले की गाडीच्या फेऱ्या कमी होतात, डिझेल जास्त जळते. दक्षिण मुंबईसाठी त्यावर उपाय शोधला गेला: महालक्ष्मीच्या हस्तांतरण केंद्रात कचरा मोठ्या गाड्यांत भरायचा आणि पुढे पाठवायचा. या हिशेबाने डम्पिंगच्या पायथ्याशी सर्वांत चांगली सेवा मिळायला हवी होती, कारण फेरी सर्वांत छोटी. प्रत्यक्षात गोवंडीतल्या गल्ल्यांत कचरा आणि तुंबलेली गटारे. झोपडपट्टीतली सफाई ‘स्वच्छ मुंबई प्रबोधन अभियान’सारख्या योजनेतून संस्थांकडे दिलेली. तिथे झाडणारा कामगार नसतो, ‘स्वयंसेवक’ असतो. त्याला पगार नसतो, मानधन असते. इमारतीला कामगार, झोपडीला स्वयंसेवक! अंतर किलोमीटरचे नाहीच, ते जातीचे आणि धर्माचे आहे. जो कचऱ्याशेजारी राहतो त्याला कचऱ्याची सवयच आहे, असे प्रशासनाने मनात धरले आहे.

शहराची सेवा या पत्त्यावर किती टेकलेली असते, ते औरंगाबादने दाखवले. फेब्रुवारी 2018 मध्ये नारेगाव परिसरातल्या गावकऱ्यांनी डेपोकडे जाणाऱ्या गाड्या अडवल्या. काही दिवसांत शहरातला कचरा रस्त्यावर साचला. प्रशासन नवी जागा शोधत मिटमिट्याला गेले, तिथे मार्चमध्ये दगडफेक झाली आणि पोलिसांनी घरात घुसून मारले. पुढे पोलीस आयुक्तांना सक्तीच्या रजेवर पाठवावे लागले. वर्षानुवर्षे वर्गीकरण ‘अशक्य’ म्हणणारी महापालिका मग शहरात चार ठिकाणी प्रक्रिया केंद्रे उभारण्याच्या गोष्टी करू लागली. म्हणजे शक्य होते, पण नारेगाव फुकट मिळत होते तोवर गरज कुणाला होती?

फरक एवढाच की नारेगावकरांच्या हातात सातबारा होता, ग्रामपंचायत होती. गोवंडीतल्या माणसाने गाडी अडवली तर आधी त्याच्या झोपडीचा पुरावा मागतील. शिवाय गाडीवर लटकणारा कंत्राटी कामगारही बहुधा आपलाच. म्हणून आपल्या लढ्याची दिशा ‘डम्पिंग दुसऱ्याच्या दारी न्या’ अशी असता कामा नये. ते दुसरे दारही कुणा गरिबाचेच निघते. ओला कचरा जिथे होतो तिथेच जिरवा, हीच मागणी हवी. कायदा आपल्या बाजूचा आहे. 2016 च्या घनकचरा नियमांनी पाच हजार चौरस मीटरपेक्षा मोठ्या गृहसंकुलांना ओला कचरा शक्यतो आवारातच जिरवायला सांगितले.

तेव्हा येत्या 14 एप्रिलच्या वर्गणीतून बॅनर एक कमी करा आणि माहिती अधिकाराचे अर्ज टाका. आपल्या प्रभागात अशी किती संकुले आहेत? किती जण कचरा आवारात जिरवतात, किती जणांना दंड झाला? आपल्या वस्तीत गाडीच्या आठवड्याला किती फेऱ्या ठरल्या आहेत, नोंदवहीत किती लावल्या आहेत? उत्तर हातात आले की ती नोंदवही घेऊन गल्लीत उभे राहा आणि बायाबापड्यांना विचारा, यातल्या किती फेऱ्या त्यांनी पाहिल्या.