वंध्यत्वाचे उपचार आणि हप्त्यांचा बाजार

रायपूरचे शंकर नगर ही सुखवस्तू मंडळींची वस्ती. अशा वस्त्यांतील खासगी वंध्यत्वनिवारण केंद्रांच्या जाहिरातींत हसरे बाळ असते आणि शेजारी 'सुलभ मासिक हप्ता'. टेस्टट्यूब पद्धतीच्या एका आवर्तनाला खासगी दवाखान्यात साधारणपणे दीड ते अडीच लाख रुपये पडतात. उरला-सिलतरा पट्ट्यातील अकुशल कामगाराची ही दीड-दोन वर्षांची मजुरी झाली.

त्यातही 'पॅकेज' हा शब्द मोठा फसवा. संप्रेरकांची दहा-बारा दिवसांची इंजेक्शने, सोनोग्राफी, भूल, गोठवलेल्या भ्रूणांचे वार्षिक भाडे हे सारे बहुधा मागाहून निघते. पहिल्याच आवर्तनात यश येण्याचा संभव तरुण स्त्रीच्या बाबतीतही निम्म्याहून कमी. चाळिशीकडे तो झपाट्याने घसरतो. म्हणजे हिशेब दोन-तीन आवर्तनांचा, शिवाय बुडालेल्या रोजांचा मांडावा लागतो. प्रत्येक बाब लेखी मागून घेणे आणि किती प्रयत्नांनंतर थांबायचे हे कर्ज काढण्यापूर्वीच ठरवणे, एवढे कुटुंबाच्या हाती आहे. पुरुषाची वीर्यतपासणी ही सर्वांत स्वस्त तपासणी. तरी कित्येक घरांत ती शेवटी होते आणि तोवर सुनेची वर्षे नवस, टोमणे व फुकटच्या औषधोपचारांत सरतात! त्यापुढे मात्र घरची काटकसर थिटी पडते.

हे विज्ञान सावकारी पेढीतून आलेले नाही. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईत डॉ. इंदिरा हिंदुजा आणि डॉ. टी. सी. आनंदकुमार यांच्या प्रयत्नांतून टेस्टट्यूब बालिका जन्मली ती परळच्या के. ई. एम. रुग्णालयात, म्हणजे महापालिकेच्या इस्पितळात, गिरणगावात. आनंदकुमारांची संस्थाही परळचीच, भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची. जनतेच्या पैशावर सिद्ध झालेले तंत्र जनतेलाच हप्त्यांनी विकत घ्यावे लागावे, याला काय म्हणावे? 2021 च्या कायद्याने केंद्रांना नोंदणी सक्तीची केली. दरांना मर्यादा घातली नाही.

गरिबाला या उपचारांची गरजच काय, असे लोकसंख्येचा बागुलबुवा उभा करणारे विचारतात. वस्तुतः हे तंत्र मुळात गर्भनलिका बंद असलेल्या स्त्रियांसाठी शोधले गेले, आणि नलिका बंद पडतात त्या क्षयाने, अस्वच्छ बाळंतपणाने, असुरक्षित गर्भपाताने. ही दारिद्र्याचीच दुखणी. पण गरीब स्त्रीची कूस शासनाला आठवते ती बहुधा नसबंदीच्या वेळी. बिलासपूरजवळ सकरी येथे 8 नोव्हेंबर 2014 रोजी एका बंद पडलेल्या खासगी दवाखान्यात काही तासांत 83 स्त्रियांवर शस्त्रक्रिया उरकल्या गेल्या. त्या दिवसांतील शिबिरांत मिळून डझनाहून अधिक स्त्रिया दगावल्या. तेथे शासन उलट पैसे देत होते.

पैसा नाही, ही सबब टिकणारी नाही. केंद्राने 2011 च्या आदेशाने स्वतःच्या कर्मचाऱ्यांना प्रत्येक आवर्तनामागे 65,000 रुपयांपर्यंत, तीन आवर्तनांची भरपाई मान्य केली. 2023 साली गोव्याच्या बांबोळी येथील शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाने हे उपचार मोफत सुरू केले. आयुष्मान भारत योजनेतून मात्र वंध्यत्वाचे उपचार वगळलेले आहेत. आणि सिलतऱ्याच्या कामगाराच्या खिशात कार्ड असते ते नेमके तेच.