डिशवॉशर: किचन छोटं, पण कढई मोठी!

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये भारतात डिशवॉशरची मागणी एकदम वाढली. पण कंपन्यांनी इथे विकायचं कोणतं मॉडेल? किचन छोटी, म्हणजे ओट्यावर मावणारं ८ सेटिंगचं मशीन, असं आधी वाटतं. मला हे गणित अपुरं वाटतं. एक 'सेटिंग' म्हणजे एका माणसाच्या प्लेट, बाऊल, ग्लास, चमचे. त्यात आपला कुकर आणि कढई कुठे धरलीय? म्हणून जमिनीवर ठेवायचं, १२ ते १४ सेटिंगचं मशीनच आपल्याकडे जास्त कामाचं. बॉशने तर खास कढईसाठी ७० अंशांचा प्रोग्रॅम दिलाय. बोअरचं पाणी क्षारांचं असेल, तर मशीनमध्ये मीठ घालायची सोयही हवीच. भाड्याने राहत असाल तर ऑफर नंतर बघा. आधी टेप घेऊन ६० सेंटीमीटर जागा मोजा, शेजारी नळ आणि सांडपाण्याची सोय आहे का तेही बघा.