मावळ्याचं मनगटी घड्याळ

माझा भाचा हैदराबादला दिलसुखनगरात राहून संगणकाचा कोर्स करतो. जुलै २०२४ मध्ये त्याला भेटायला गेलो होतो. जिकडे बघावं तिकडे क्लासेसच्या पाट्या आणि मुलामुलींची हॉस्टेलं. संध्याकाळी तो म्हणाला, "मामा, 'कल्की २८९८ एडी' बघूया. तेलुगू पिक्चर तेलुगू लोकांत बसूनच बघायचा." मला तेलुगूचं अक्षर येत नाही. पण अमिताभचा अश्वत्थामा पडद्यावर उभा राहिला आणि ज्या शिट्ट्या पडल्या, त्यांना भाषांतराची गरज नव्हती!

तीन तासांनी बाहेर आलो. गाड्यावर गरमागरम मिरची भजी खाता खाता भाच्याने चुकांची यादी सुरू केली. शेजारी उभा असलेला त्याचा मित्र वैतागला. "अशा पिक्चरला डोकं घरी ठेवून यायचं असतं," म्हणाला.

ते वाक्य मला लागलं. कारण चुका काढणं हा माझा पोटापाण्याचा उद्योग. सरकारी कारकून आहे मी. आलेल्या अर्जात त्रुटी शोधायची आणि शेरा मारायचा, यात वीस वर्षं गेली. त्या अनुभवावरून सांगतो, चूक आणि चूक यांत फरक असतो.

आमच्या फोंड्याकडे जत्रेला ऐतिहासिक नाटक होतं. एखाद्या मावळ्याच्या मनगटावर घड्याळ राहून जातं. लोक हसतात आणि पुढचा प्रवेश तितक्याच भक्तीने बघतात. 'टर्मिनेटर २' (१९९१) मध्येही तसंच आहे. पाठलाग करणारा ट्रक पुलावरून कालव्यात कोसळतो, त्याची समोरची काच निखळते आणि पुढच्या दृश्यात ती जागच्या जागी असते! हे मावळ्याचं घड्याळ. नजरचूक म्हणायचं आणि सोडून द्यायचं.

त्याच मालिकेत दुसरी चूक मोठी आहे. पहिल्या भागातला (१९८४) नियम असा, की कालप्रवासात फक्त सजीव मांसपेशींनी वेढलेली वस्तूच जाऊ शकते. दुसऱ्या भागातला खलनायक तर नखशिखांत वितळता धातू. तो आला कसा? इथे कथेने आपणच केलेला नियम मोडला. हे भोक खरं. तरी तो चित्रपट उभा राहतो, कारण त्यातला मुलगा, त्याची आई आणि ते यंत्र कुठेही आपला स्वभाव सोडून वागत नाहीत.

आता 'कल्की'कडे वळू. दिग्दर्शक नाग अश्विन यांनी सांगितलं होतं, की कथा महाभारतापासून २८९८ पर्यंत म्हणजे सहा हजार वर्षांची आहे. भाच्याने मोबाईलवर हिशेब केला. कलियुगाचा आरंभ इसवी सनापूर्वी ३१०२. शून्य साल नसतं, म्हणून उत्तर ५९९९. "मामा, एक वर्ष कमी!" मीही खूश झालो. पण शेरा मारण्यापूर्वी नियम बघावा, ही सवय. शकात ३१७९ मिळवले की कलीची गेलेली वर्षं मिळतात. २८९८ म्हणजे शके २८२०. गेलेली वर्षं ५९९९, म्हणजे चालू वर्ष सहा हजारावं! अर्ज बरोबर, त्रुटी आमचीच.

पुराणांचे आक्षेपही असेच. कलियुग चार लाख बत्तीस हजार वर्षांचं आणि कल्की त्याच्या अखेरीस यायचा. पूजेच्या संकल्पात भटजी अजून पहिलाच चरण म्हणतात. महाभारतातल्या सौप्तिक पर्वात अश्वत्थाम्याला शाप आहे तो तीन हजार वर्षांचा. मग सहा हजार वर्षांनी हा काय करतोय? पण आपल्याकडे लोकांनी त्याला केव्हाच चिरंजीव करून टाकलंय. कपाळावरच्या जखमेसाठी तेल मागत हिंडणारा अश्वत्थामा आपल्या आज्यांनीच आपल्याला दिला. त्यांना जी मुभा दिली, ती नाग अश्विनना का देऊ नये?

खरी खिंडारं वेगळीच आहेत. 'कॉम्प्लेक्स'मध्ये बायकांना डांबून ठेवलंय ते गर्भधारणेच्याच प्रयोगासाठी. तिथेच सुमतीचं गर्भारपण कित्येक महिने कुणाच्या लक्षात येत नाही! गंगा आटलेली, सगळं पाणी-अन्न वरच्यांनी ओढून घेतलेलं. तरी काशीत माणसांची ही गर्दी. ती जगतात कशावर, याचा मेळ नीट बसत नाही. आणि भैरव. पैशासाठी कुणालाही पकडून देणारा हा गडी शेवटी एकदम कर्ण निघतो. असं का, ते पुढच्या भागात म्हणे!

कार्यालयात आम्हाला असे अर्ज रोज येतात. 'आवश्यक कागदपत्रं नंतर सादर करीन.' माणूस ओळखीचा असला की ते पुढेही सरकतात. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये काय झालं? निर्मात्यांनीच जाहीर केलं, की पुढच्या भागात दीपिका पदुकोण नसेल. जिच्या पोटातल्या बाळावर सगळी कथा उभी, तिचाच चेहरा बदलणार. हे भोक लेखकाने पाडलेलं नाही, व्यवहाराने पाडलंय. पण चित्रपट अर्ध्यावर सोडून उरलेलं नंतर देतो म्हटलं, की हा धोका येतोच.

एक कबुली देतो. काही वर्षांपूर्वी एका म्हाताऱ्या बाईचा अर्ज मी परत पाठवला होता. एका कागदावर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग साधं, दुसऱ्यावर पोर्तुगीज वळणाचं. बाई तीच, घर तेच. त्याच आठवड्यात अर्धी कागदपत्रं नसलेली एक जाडजूड फाईल माझ्याच टेबलावरून बिनबोभाट पुढे गेली. मावळ्याचं घड्याळ तेवढं मला दिसलं, रंगमंचावरचं खिंडार दिसलं नाही.

म्हणून भाच्याला म्हटलं, यादी कर, पण तिचे दोन भाग कर. काच, घड्याळ, स्पेलिंग हे एका बाजूला. त्यावर हसावं आणि सोडून द्यावं. कथेने स्वतः दिलेला शब्द मोडला, ते दुसऱ्या बाजूला, तिथे विचारावंच. आणि डोकं घरी ठेवून ये म्हणणाऱ्याचं मुळीच ऐकू नको. ते एकदा घरी ठेवायची सवय लागली, की मग ते थेटरापुरतं राहत नाही.

मिरची फार तिखट होती. असो.