सॉफ्टवेअरला आधी बहार सांगा, मग कोटेशन दाखवा



मागच्या उन्हाळ्यात एक कंपनीवाला बांधावर आला. तीन एकर डाळिंब बघितलं, बोअर किती फुटाचा ते विचारलं, आणि आठ दिवसांत रंगीत रिपोर्ट घेऊन हजर. ५ किलोवॅटच्या सोलर प्लेटा, ३ किलोवॅटची पवनचक्की, १५० एएचच्या २४ बॅटऱ्या. "काका, हे मी नाही सांगत, सॉफ्टवेअर सांगतंय. यापेक्षा स्वस्त जुळणी निघतच नाही."

मी सही केली नाही. पण त्या दिवशी काय चुकतंय ते सांगताही आलं नाही. आज सांगतो. सॉफ्टवेअर खोटं बोलत नव्हतं. त्यात आकडे भरणाऱ्याने मला एकदाही विचारलं नव्हतं की बहार कुठला धरता.

आधी हे सॉफ्टवेअर करतं काय ते बघू. यातलं सगळ्यात वापरातलं म्हणजे 'होमर', अमेरिकेच्या सरकारी अक्षय ऊर्जा प्रयोगशाळेत १९९० च्या दशकात तयार झालेलं. वर्षाचे ८,७६० तास ते एकेक करून चालवून बघतं. प्रत्येक तासाला ऊन किती, वारा किती, वीज किती लागली. प्लेटा, चक्की, बॅटरी, डिझेल, लाईन यांच्या शेकडो जुळण्या तपासतं आणि पुढच्या वीस-पंचवीस वर्षांचा सगळा खर्च, बॅटऱ्या बदलण्याच्या खर्चासकट, मांडून स्वस्त ते वर लावतं. हे काम वहीवर करायला आपला जन्म पुरणार नाही. म्हणून "कॉम्प्युटरला शेतातलं काय कळतंय" असं म्हणणाऱ्यांच्या बाजूला मी नाही. त्याला नसेल कळत, पण सांगितलं तर हिशोब चोख करतो.

आता माझ्या पुतण्याने रिपोर्टचं चौथं पान उघडलं. "तात्या, यांनी रोज २२ युनिट धरलंय. बाराही महिने. चोवीस तास सारखी रेघ."

२२ युनिट हा आकडा चुकीचा नाही, हे महत्त्वाचं. माझी ९०० झाडं, मे महिन्यात झाडाला ५० लिटर, म्हणजे दिवसाला ४५ हजार लिटर, ४५ घनमीटर. पाण्याची पातळी, ठिबकचा दाब, पाइपातला तोटा मिळून हेड ८० मीटर. ४५ गुणिले ८० भागिले ३६७, झाले ९.८ युनिट. मोटार-पंपाची मिळून ४५ टक्के कार्यक्षमता धरली की २२ युनिट. बरोबर.

पण तो आकडा मे महिन्याचा आहे आणि आंबे बहाराचा आहे. जुलैत पाऊस बरा असला तर माझी मोटार दोन-दोन आठवडे बंद असते. आणि मी मृग बहार धरला असता तर एप्रिल-मेत बाग ताणावर, पाणी जवळपास बंद! एकच बाग, एकच बोअर, पण बहार बदलला की विजेचं अख्खं वर्ष उलटं होतं. हे ज्या रिपोर्टात नाही तो माझ्या शेताचा रिपोर्टच नाही.

दुसरी गोष्ट बॅटरीची. रात्रीसुद्धा सारखीच वीज लागते असं सांगितल्यावर सॉफ्टवेअर बॅटरी देणारच, त्याचा काय दोष? १२ व्होल्ट १५० एएचची लेड-ॲसिड बॅटरी म्हणजे १.८ युनिट, आणि टिकवायची तर निम्मीच वापरायची. २२ युनिट साठवायला २४-२५ बॅटऱ्या लागतात, आणि काही वर्षांनी सगळ्या बदलायच्या. तेच ४५ हजार लिटर पाणी ६ बाय ५ मीटरच्या, दीड मीटर खोल हौदात मावतं. हौदातून ठिबकला लहान मोटार लागेल, तो खर्चही मांडा. तरी फरक दिसतो. वीज कशाला साठवता, पाणी साठवा. गंमत म्हणजे होमरमध्ये यासाठी 'पुढे ढकलता येणारा भार' असा वेगळा रकाना आहे. साठा किती, कुठल्या महिन्यात गरज किती, ते तिथं भरता येतं. रिपोर्टात तो कोरा होता.

तिसरं, वारा. आमच्या सांगलीकडे ढालगावच्या पठारावर चक्क्या आहेत, वारा आहे हे कुणी नाकारत नाही. पण आपल्याकडे जोराचा वारा पावसाळ्यात, आणि माझी तहान फेब्रुवारी ते मे. शिवाय रिपोर्टातला वारा उपग्रहाच्या फुकट माहितीतला. तिच्या एका चौकोनात पन्नास-साठ किलोमीटरचा मुलूख येतो. त्यात पठारही आलं आणि माझं खोलगट रानही आलं. वाऱ्याचा वेग निम्मा झाला की वीज आठवा हिस्सा होते. इथं अंदाज चालत नाही.

पुतण्याने महिनावार पाणी, हौद आणि खरं हेड भरून पुन्हा चालवलं. चक्की गेली, बॅटऱ्या गेल्या. राहिल्या प्लेटा आणि हौद. दूध थंड करायचं असतं, पोल्ट्री असती, म्हणजे बारमाही रात्रंदिवस भार असता, तर बॅटरी किंवा चक्की कदाचित टिकली असती. हायब्रीड वाईट नाही. न विचारता गळ्यात मारलेलं हायब्रीड वाईट.

सरकारी बाजूही सोडत नाही. 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेत अडीच एकरांपर्यंत ३ एचपी, पाच एकरांपर्यंत ५, त्यापुढे ७.५. पाणी चारशे फुटांवर आहे का चाळीस, ऊस आहे का हरभरा, हे सातबाऱ्यावरच्या क्षेत्रावरून कळतं होय?

आणि एक कोरा रकाना आपला स्वतःचा. साडेसात एचपीपर्यंत बिल माफ, म्हणून विजेचा दर शून्य टाकला तर सौर कधीच परवडणार नाही. पण रात्री दोनच्या पाळीला साप-विंचवातून बॅटरी घेऊन जातो त्याची किंमत कोण टाकणार? आणि माफी पंचवीस वर्षं राहील असं कुणी लिहून दिलंय? दोन्ही दर टाकून चालवायला सांगा. सॉफ्टवेअरला ते सहज जमतं.

कृषी पदवीधर मित्रांनो, हे काम तुमचं आहे. पिकाला कुठल्या महिन्यात किती पाणी हे तुम्हाला पाठ आहे. सोलरवाल्याच्या टेबलावर तो तक्ता पोहोचत नाही, तोवर रिपोर्ट असेच निघणार.

आणि शेतकऱ्यांनो, पुढचा रिपोर्ट आला की शेवटचं पान आधी वाचू नका. भार लिहिलेलं पान काढायला सांगा आणि चार प्रश्न विचारा. महिनावार पाणी कुठंय? हेड कुणी मोजलं? वारा कुठला? साठा पाण्याचा का बॅटरीचा? उत्तर नाही मिळालं तर चहा पाजा आणि परत पाठवा.

मी यंदापासून वही ठेवलीय. रोज मोटार किती तास, बोअरची पातळी किती. महागातल्या सॉफ्टवेअरला लागणारी माहिती ह्या वीस रुपयांच्या वहीत आहे, आणि ती आपल्याशिवाय कुणाकडेच नाही.