लॉरेन जॅक्सनचे गुडघे

मे ते सप्टेंबर अमेरिका. तिथला मोसम संपला की हिवाळ्यात रशिया, कोरिया किंवा मायदेश. मधे फट सापडलीच तर राष्ट्रीय संघाचं शिबिर, आणि दर दोन वर्षांनी ऑलिम्पिक नाहीतर जागतिक स्पर्धा. लॉरेन जॅक्सन या ऑस्ट्रेलियन बास्केटबॉलपटूची उमेदीची वर्षं अशी गेली. तिच्याबद्दल लिहिणारे पदकांपासून सुरुवात करतात. मला मात्र तिचं नाव निघालं की आधी तिचे गुडघे आठवतात.

न्यू साउथ वेल्स आणि व्हिक्टोरिया या दोन राज्यांच्या सीमेवर, मरे नदीकाठी ऑल्बरी नावाचं गाव आहे. लॉरेन तिथली, जन्म १९८१चा. आई आणि वडील दोघंही ऑस्ट्रेलियाकडून बास्केटबॉल खेळलेले. आईचा जर्सी क्रमांक १५ होता, लेकीनं तोच घेतला. शाळकरी वयातच ती कॅनबेराच्या ऑस्ट्रेलियन क्रीडा संस्थेत दाखल झाली. या संस्थेच्या विशीच्या आतल्या मुलींनी १९९९मध्ये देशातल्या व्यावसायिक महिला लीगचं विजेतेपद मिळवलं. समोरच्या संघांत मुरलेल्या, वयानं कितीतरी मोठ्या खेळाडू होत्या. त्याच्या आदल्या वर्षी जागतिक स्पर्धेत कांस्यपदक मिळवणाऱ्या राष्ट्रीय संघातही १७ वर्षांची लॉरेन होती.

उंची १९६ सेंटिमीटर. त्या काळी एवढ्या उंच मुलीला बास्केटखाली उभं करायचे आणि रिबाउंड, म्हणजे हुकलेले चेंडू, गोळा करायला सांगायचे. लॉरेन रिबाउंड घ्यायचीच, पण बाहेर येऊन तीन गुणांचे फटकेही मारायची. तिला अडवायला उंच खेळाडू ठेवली तर लॉरेनमागे तीन गुणांच्या रेषेपर्यंत धावताना ती दमायची. चपळ पण बुटकी खेळाडू ठेवली तर लॉरेन सरळ तिच्या डोक्यावरून चेंडू टाकायची. २००१मध्ये अमेरिकेच्या डब्ल्यूएनबीए लीगमध्ये सिॲटल स्टॉर्म संघानं तिला ड्राफ्टमध्ये, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीत, सर्वांत आधी निवडलं, त्यात नवल नव्हतं. ऑस्ट्रेलियाच्याच अँड्र्यू बोगटला पुरुषांच्या एनबीएमध्ये तोच मान मिळाला तो चार वर्षांनी. २००३मध्ये ती मोसमातली सर्वोत्तम खेळाडू ठरली. अमेरिकेबाहेरच्या खेळाडूला हा किताब पहिल्यांदाच मिळत होता. २००७ आणि २०१०मध्ये तो तिनं पुन्हा घेतला. २००७मध्ये तर बचावातली सर्वोत्तम खेळाडूही तीच होती. गुण करणं आणि गुण रोखणं, दोन्हींत एकाच वर्षी पहिलं येणं म्हणजे काय, हे बास्केटबॉल खेळलेल्याला वेगळं सांगायला नको. सिॲटलला तिनं २००४ आणि २०१० अशी दोन विजेतेपदं मिळवून दिली.

एवढं सगळं एका ठिकाणी मिळत होतं, तर हिवाळ्यात मॉस्कोला कशाला जायचं? पैशासाठी. हे सांगताना संकोच वाटण्याचं कारण नाही, कारण संकोच दुसऱ्यांना वाटायला हवा. तिच्या उमेदीच्या काळात डब्ल्यूएनबीएतल्या अव्वल खेळाडूचा वर्षाचा पगारही साधारण लाख डॉलरपर्यंतच जायचा. रशियातले धनाढ्य मालक याच्या कित्येक पट रक्कम द्यायचे. म्हणून जगातल्या उत्तमोत्तम बास्केटबॉलपटू घरच्या मोसमाचा थकवा अंगावर घेऊनच विमानात बसायच्या. लॉरेन मॉस्को परिसरातल्या स्पार्टाक क्लबकडून खेळली. त्याचे मालक शाब्ताय काल्मानोविच खेळाडूंवर पाण्यासारखा पैसा ओतत. २००९मध्ये मॉस्कोच्या रस्त्यावर गोळ्या घालून त्यांचा खून झाला. ज्या कमाईवर या खेळाडूंचं आयुष्य उभं होतं, ती अशी एकेका माणसाच्या मर्जीवर चालायची. पुढे २०१५मध्ये अमेरिकन बास्केटबॉलपटू डायना टॉरासीला तिच्या रशियन क्लबनं अमेरिकेतला मोसम न खेळण्यासाठी, म्हणजे चक्क विश्रांती घेण्यासाठी पैसे दिले. २०२२मध्ये दुसरी अमेरिकन बास्केटबॉलपटू ब्रिटनी ग्राइनर मॉस्कोच्या विमानतळावर पकडली गेली, तीही याच हिवाळी कमाईच्या वाटेवर होती.

पुरुषांच्या बाजूला पाहा. मेलबर्नमध्ये जन्मलेल्या बेन सिमन्सनं २०१९मध्ये एनबीएतल्या फिलाडेल्फिया संघाशी पाच वर्षांसाठी १७ कोटी डॉलरचा करार केला. त्याला मोसम संपल्यावर कमाईसाठी कुठे जावं लागत नव्हतं. दोघंही ड्राफ्टमधले पहिले, देश एक, खेळ एक.

शरीरानं अखेर हिशेब मागितला. आधी घोटा, मग कंबरेच्या सांध्याची शस्त्रक्रिया. सिॲटलसाठी ती शेवटची खेळली ती २०१२मध्ये. त्याच वर्षी लंडन ऑलिम्पिकच्या उद्घाटनाला ऑस्ट्रेलियाचा ध्वज तिच्या हाती होता. सिडनी, अथेन्स आणि बीजिंगच्या तीन रौप्यपदकांसोबत तिथलं कांस्य जमा झालं. त्यानंतर चीनमध्ये खेळताना गुडघा गेला. शस्त्रक्रियांमागून शस्त्रक्रिया झाल्या, सांध्याची झीज थांबेना. ३१ मार्च २०१६ रोजी, रिओ ऑलिम्पिक काही महिन्यांवर असताना, तिनं निवृत्ती जाहीर केली. दुखणं दाबण्यासाठी, झोप लागण्यासाठी गोळ्यांवर कसं अवलंबून राहावं लागलं, हे तिनं पुढे स्वतःच मोकळेपणानं सांगितलं. मला तिच्या कुठल्याही पदकापेक्षा हे सांगणं मोठं वाटतं. खेळाडूच्या वेदनेचं कौतुक करणारे आपण सगळे त्या वेदनेचं पुढे काय होतं हे विचारत नाही.

निवृत्तीनंतर दोन मुलगे झाले. ऑस्ट्रेलियाच्या बास्केटबॉल संघटनेत मुलींचा खेळ वाढवण्याचं काम तिनं हाती घेतलं. २०२१मध्ये अमेरिकेतल्या बास्केटबॉलच्या नेस्मिथ हॉल ऑफ फेममध्ये तिचा समावेश झाला. तिथे पोहोचलेली ती पहिली ऑस्ट्रेलियन खेळाडू. गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती.

पण गुडघेदुखीवर वैद्यकीय गांजापासून केलेल्या औषधाचा उपचार तिनं घेतला आणि तिला आराम पडला. ती व्यायामाला लागली. २०२२मध्ये गावच्याच ऑल्बरी-वोडोंगा बँडिट्स संघातून ती प्रादेशिक स्पर्धेत उतरली, आणि तिथला खेळ पाहून राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षक सँडी ब्रॉन्डेलो यांनी तिला जागतिक स्पर्धेच्या संघात घेतलं. वय ४१. स्पर्धा सिडनीत. उपांत्य सामन्यात चीननं ऑस्ट्रेलियाला ६१-५९ असं दोन गुणांनी हरवलं. दुसऱ्या दिवशी, १ ऑक्टोबरला, कांस्यपदकासाठी कॅनडाशी गाठ होती. लॉरेन राखीव खेळाडूंतून मैदानात आली आणि तिनं ३० गुण केले. ऑस्ट्रेलिया ९५-६५ असं जिंकलं. १९ वर्षांची असताना, २०००च्या ऑलिम्पिकची अंतिम लढत ती सिडनीच्या याच सुपरडोम क्रीडागृहात हरली होती.

या सामन्याला चमत्कार म्हणण्याचा मोह होतो. मी तो टाळते. चमत्कार म्हटलं की कारणं शोधायची गरज उरत नाही. सहा वर्षं या शरीराला व्यावसायिक मोसमाचा जाच नव्हता. वेदनेवर नीट उपचार झाले. पगारासाठी देशोदेशी धावायचं नव्हतं, मुलं आणि घर जवळ होतं. तेव्हा त्या हातांत अजून काय शिल्लक आहे ते दिसलं. मग मनात येतं, २०११ ते २०१६ या वर्षांत किती खेळ वाया गेला असेल! तिशीतली, अनुभवानं पिकलेली लॉरेन जॅक्सन आपल्याला जवळजवळ पाहायलाच मिळाली नाही.

खेळाडूंशी झालेल्या २०२०च्या करारानंतर डब्ल्यूएनबीएतला कमाल पगार दोन लाख डॉलरच्या वर गेला. ज्या खेळाडूंच्या सांध्यांवर ही लीग उभी राहिली, त्यांच्यासाठी ही वाढ फार उशिरा आली.

जॅक्सन सिडनीतल्या त्या कांस्यपदकानंतरही थांबली नाही. पायाला पुन्हा दुखापत झाली, त्यातूनही ती उठली. मार्च २०२४मध्ये साउथसाइड फ्लायर्सनं ऑस्ट्रेलियन लीगचं विजेतेपद मिळवलं, तेव्हा ४२ वर्षांची लॉरेन त्या संघात होती. ऑस्ट्रेलियानं घडवलेला सर्वांत मोठा बास्केटबॉल खेळाडू कोण, असा वाद निघाला की पुरुषांची नावं आधी घेतली जातात. माझ्या मते या वादात दुसरं नाव घेण्याचं कारणच नाही.