गणिताची ऑनलाइन शिकवणी आणि शिक्षकाचा वेळ

बावन्नातून सत्तावीस वजा करून पस्तीस असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी बेफिकीर असतोच असे नाही. दोनातून सात जात नाहीत हे त्याला ठाऊक असते. म्हणून तो सातातून दोन काढतो, पाचातून दोन काढतो आणि पस्तीस लिहून मोकळा होतो. मोठ्या अंकातून लहान अंक काढावयाचा, हा त्याने स्वतःपुरता बसविलेला नियम असतो आणि प्रत्येक उदाहरणात तो इमानेइतबारे पाळीत असतो. उत्तरावर फुली मारल्याने हा नियम मोडत नाही. हातचा कसा घ्यावयाचा हे फळ्यावर दहा वेळा दाखविल्यानेही बहुधा मोडत नाही. ‘हे कसे केलेस, सांग बघू’ असे विचारून त्याचे म्हणणे ऐकून घेणारा कोणी भेटला, तर मात्र तो मोडण्याची शक्यता असते. गणिताच्या ऑनलाइन शिकवणीत गेल्या दोन दशकांत जे भांडवल ओतले गेले आणि तिच्याविषयी जी आश्वासने दिली गेली, त्या सर्वांची पारख याच कसोटीवर करावयास हवी. ऐकून घेणारा कोण आहे आणि त्याच्या वेळेचे पैसे कोण देणार आहे?

हा प्रश्न थोड्या मुलांचा नाही. ग्रामीण भारतातील शालेय शिक्षणाची पाहणी करणाऱ्या ‘असर’च्या २०२४ सालच्या अहवालानुसार पाचवीतील केवळ ३०.७ टक्के मुलांना तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणे जमते. ही मुले वर्गात बसलेली असतात, त्यांच्यापुढे पाचवीचे पुस्तक उघडलेले असते, आणि ज्या अडचणीपाशी ती थबकली आहेत ती दुसरी-तिसरीतील असते. चाळीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाची अडचण निराळ्या इयत्तेतील असू शकते. शिकवणीची गरज येथूनच निर्माण होते. ज्यांची ऐपत आहे त्यांची मुले संध्याकाळी शिकवणीला जातात. ज्यांची नाही त्यांची जात नाहीत.

ऑनलाइन शिकवणीचा आरंभ मात्र मोठा बोधप्रद आहे. २००४ मध्ये बोस्टन येथे वित्तक्षेत्रात नोकरी करणारा सलमान खान हा तरुण, न्यू ऑर्लिन्स येथे राहणाऱ्या आपल्या नात्यातील एका मुलीला दूरध्वनीवरून आणि संगणकाच्या पडद्यावर आकडे गिरवून गणित शिकवू लागला. एक शिक्षक, एक विद्यार्थिनी आणि दोघांमधील संवाद, असे त्याचे स्वरूप होते. नात्यातील आणखी मुले येऊ लागली तसा वेळ पुरेना; तेव्हा २००६ पासून त्याने चित्रफिती ध्वनिमुद्रित करून यूट्यूबवर ठेवण्यास प्रारंभ केला आणि २००८ मध्ये खान अकादमी ही विनानफा संस्था उभी राहिली. आज त्या चित्रफिती जगभर विनामूल्य पाहिल्या जातात आणि त्यांचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु या प्रवासात काय मागे पडले याकडेही लक्ष द्यावयास हवे. समजावून सांगणारा राहिला. विचारणारा मागे पडला. चित्रफीत थांबविता येते, मागे नेता येते, पण ‘तू हे कसे केलेस’ असे ती विचारीत नाही.

याचे कारण अर्थशास्त्रीय आहे. चित्रफीत एकदा तयार झाली की ती हजाराव्या विद्यार्थ्याला दाखविण्याचा सीमान्त खर्च जवळजवळ शून्य असतो. संवादाचे तसे नाही. विसाव्या मुलाशी बोलावयास पहिल्या मुलाइतकाच वेळ लागतो. अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ विल्यम बॉमोल आणि विल्यम बोवेन यांनी १९६६ मध्ये संगीत-नाटकादी कलांच्या अर्थकारणाची चिकित्सा करताना हेच सांगितले होते : जेथे माणसाचा वेळ हीच सेवा असते, तेथे यंत्रांमुळे उत्पादकता फारशी वाढत नाही आणि इतर क्षेत्रांच्या तुलनेत ती सेवा महाग होत जाते. शिकवणी ही अशीच सेवा आहे. साहजिकच नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीचा कल चित्रफिती अधिक विकण्याकडे आणि संवाद कमी ठेवण्याकडे राहतो. त्यात कोणाचा दुष्टावा शोधण्याचे कारण नाही.

बायजूज या कंपनीचा इतिहास या दृष्टीने वाचण्यासारखा आहे. २०११ मध्ये स्थापन झालेल्या आणि २०१५ मध्ये मोबाइलवरील अभ्यासाचे ॲप आणणाऱ्या या कंपनीचे नाव २०१९ पासून भारतीय क्रिकेटपटूंच्या जर्सीवर झळकले. २०२२ मध्ये तिचे मूल्यांकन २,२०० कोटी डॉलर झाले. आणि जुलै २०२४ मध्ये, क्रिकेट मंडळाच्याच थकबाकीवरून, तिच्याविरुद्ध दिवाळखोरीची प्रक्रिया सुरू झाली. तिच्या आर्थिक व्यवहारांचा निवाडा न्यायसंस्था करतील. पण ज्या पालकांनी हप्ते बांधून घेऊन अभ्यासक्रम विकत घेतले, त्यांना आपण नेमके काय विकत घेत आहो याची कल्पना कितपत होती, हा प्रश्न उरतोच. पालकाला शिक्षक हवा होता. त्याच्या पदरात मुख्यतः पडले ते ग्रंथालय.

मग ऐकून घेणारा माणूस स्वस्तात पुरविता येतो काय? या प्रश्नाचे सर्वांत उद्बोधक उत्तर आफ्रिकेतील बोट्स्वाना या लहानशा देशातून आले आहे. २०२० मध्ये महासाथीमुळे शाळा बंद झाल्या, तेव्हा तेथे सुमारे साडेचार हजार कुटुंबांमध्ये एक प्रयोग करण्यात आला. काही कुटुंबांना दर आठवड्याला गणिताची थोडी उदाहरणे साध्या लघुसंदेशाने पाठविली गेली. काहींना संदेशाबरोबरच शिक्षकाचा पंधरा-वीस मिनिटांचा दूरध्वनी जाई. पालक ध्वनिवर्धक चालू करून मुलाला जवळ बसवीत आणि शिक्षक मुलाकडून उदाहरण सोडवून घेत. इंटरनेट नाही, पडदा नाही, चित्रफीत नाही. ज्यांना केवळ संदेश गेले त्यांच्यात म्हणण्यासारखा फरक पडला नाही; ज्यांना दूरध्वनी गेला त्यांचे गणित सुधारले. पुढे भारत, केनिया, नेपाळ, फिलिपिन्स आणि युगांडा या पाच देशांत सोळा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांवर हा प्रयोग झाला आणि सरकारी शिक्षकांनीही तो तितक्याच यशस्वीपणे करून दाखविला. ही शेवटची गोष्ट आपल्याकडे विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे, कारण सरकारी शिक्षकाकडून काही होत नाही, असे मानण्याची येथे एक प्रथाच पडली आहे.

यावर आज हमखास सांगितले जाणारे उत्तर असे की, ऐकून घेण्याचे कामही आता यंत्र करील. कृत्रिम बुद्धिमत्तेवर आधारलेली संवादयंत्रे विद्यार्थ्याशी बोलतात, थकत नाहीत, रागावत नाहीत. हे खरे आहे. तथापि, तुर्कस्तानातील एका माध्यमिक शाळेत सुमारे एक हजार विद्यार्थ्यांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष सावध करणारे आहेत. ज्यांना असे यंत्र सरसकट वापरावयास दिले, त्यांनी सरावाची उदाहरणे ४८ टक्क्यांनी अधिक चांगली सोडविली. पण यंत्र काढून घेऊन परीक्षा घेतली, तेव्हा ज्यांच्या हाती ते कधीच दिले नव्हते त्यांच्यापेक्षा या मुलांचे गुण १७ टक्क्यांनी कमी भरले. उत्तर मिळत गेले, नियम बसला नाही. शिक्षकांच्या मदतीने यंत्राला केवळ इशारे देण्याची शिस्त लावली, तेव्हा ही हानी बव्हंशी टळली. परीक्षेत लाभ मात्र झाला नाही. गाइडमधून उत्तरे उतरवून घेणारी मुले महाराष्ट्रातील शिक्षकांना नवी नाहीत. हे नवे गाइड बोलके आहे, इतकेच.

महाराष्ट्रात दूरध्वनीवरून गणित शिकवावयाचे तर आणखी एक बारकावा ध्यानी घ्यावा लागेल. मराठीत संख्या ऐकताना एकक आधी येतो आणि दशक मागाहून. ‘सत्तावन्न’ ऐकून ७५ लिहिणारे मूल आकड्यांत कच्चे नसते. ते ऐकलेल्या क्रमाने लिहीत असते. २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास सात’ अशा पद्धतीचे संख्यावाचन आले तेव्हा विधिमंडळापासून विनोदापर्यंत सर्वत्र त्याची टर उडविली गेली. परंतु मंगला नारळीकर यांच्या समितीने ज्या अडचणीवर बोट ठेवले होते ती खरी होती. त्यात सेमी-इंग्रजी शाळांतील मुले ‘फिफ्टी सेव्हन’ शिकतात आणि घरी आजी ‘सत्तावन्न’ म्हणते. परराज्यातून हिंदी-इंग्रजीत बोलणाऱ्या शिकवणीदाराला, किंवा यंत्राला, ही चूक कोठून आली हे उमगणे कठीण. येथील शिक्षकाला ते क्षणात कळते.

हिशेब साधा आहे. तीस मुलांच्या वर्गात प्रत्येकाशी आठवड्यातून वीस मिनिटे बोलावयाचे म्हटले तर दहा तास लागतात. सर्वांत मागे पडलेल्या दहांपुरतेच बोलावयाचे ठरविले तर तीन तास वीस मिनिटे. हे तास कोठून काढावयाचे? शिक्षण हक्क कायद्याच्या २७व्या कलमाने जनगणना, आपत्तिनिवारण आणि निवडणुका यांखेरीज अन्य अशैक्षणिक कामे शिक्षकांवर लादण्यास मनाई केली आहे. प्रत्यक्षात मतदारयाद्यांपासून नाना प्रकारच्या ऑनलाइन माहित्या भरण्यापर्यंत त्यांचा वेळ वाटला जातो. तिसरीअखेर प्रत्येक मुलाला पायाभूत अंकज्ञान यावे, यासाठी ‘निपुण भारत’ मोहिमेने २०२६-२७ ही मुदत घातली आहे. ती मोहीम गंभीरपणे घ्यावयाची असेल तर शासनापुढे दोनच मार्ग दिसतात : शिक्षकाच्या माहित्या भरण्याच्या तासांतून हे तीन तास मोकळे करणे, अथवा डी.एड. होऊन नोकरीची वाट पाहणाऱ्या तरुण-तरुणींना तासागणिक रास्त मानधन देऊन हे काम सोपविणे. इंग्लंडने २०२० मध्ये सरकारी अनुदानाने शिकवणीची राष्ट्रीय योजना सुरू केली. अनुदानाचा वाटा वर्षागणिक घटविला आणि २०२४ मध्ये ती बंद केली. असे काम चार वर्षांच्या उत्साहावर चालत नाही. त्यास अंदाजपत्रकात कायमचे शीर्ष लागते.

शिवाय वेळेची अडचण आहे. कष्टकरी कुटुंबात बहुधा एकच फोन असतो आणि तो दिवसभर वडिलांबरोबर कामावर जातो. तो घरी येतो संध्याकाळी सातनंतर. आठवड्यातील ती तीन तास वीस मिनिटे म्हणजे शाळा सुटल्यानंतरची, शिक्षकाच्या स्वतःच्या घरातील वेळ. आणि त्या वेळेची नोंद होईल असा रकाना शाळेच्या कोणत्याही हजेरीपटात आज नाही.